घरचंच आहे, खा

जोडवी

माझा आजार सगळ्यात आधी पायाच्या बोटांना कळला. जोडवी रुतायला लागली. आमच्याकडे पिंपळवंडीला टोमॅटोचा तोडा चालू होता. दिवसदिवस उभं राहून क्रेट भरायचे, मग पाय सुजणारच, असं मी धरून चालले होते. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली पिशव्या दिसायच्या. आमचे हे आरशाशेजारून जाताना म्हणायचे, सुख मानवतंय बरं का तुला. मीही हसून सोडून द्यायचे.

मग एक दिवस जोडवी निघेचनात. साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं, दोरा गुंडाळून ओढून झालं. बोट निळं पडायला लागलं तेव्हा नारायणगावला सोनाराकडे जाऊन ती कापून घेतली. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यावरून माझ्याशी अबोला धरला. नवरा धडधाकट असताना बायको जोडवी कापून घेते, हे त्यांना पटणारच नव्हतं. सोनारानं कापलेली जोडवी कागदात बांधून दिली आणि आधी पायाची सूज डॉक्टरला दाखवा, जोडवी काय कधीही सांधता येतील, असं म्हणाला. ती पुडी अजून कपाटात तशीच आहे.

हे मी लिहितेय ते ज्यांच्या घरात नुकतीच अशी सूज आलीय त्यांच्यासाठी. मी काही डॉक्टर नाही. बारावीपर्यंत शिकलेली, शेतात राबणारी बाई आहे. पण जे आमच्या घरात झालं ते तुमच्याही घरात होऊ शकतं, कारण तुमच्या घरातही माया करणारी माणसं असतील.

"लहान झाल्यात"

नारायणगावच्या डॉक्टरांनी उजव्या हाताला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला, मशीनकडे बघितलं आणि मग डाव्या हाताला बांधला. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. सोनोग्राफीवाल्या मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या की दोन्ही किडन्या लहान झाल्यात. मला वाटलं, सुजून मोठ्या झाल्या असत्या तर काळजी होती, लहान झाल्यात म्हणजे बरंच आहे. मी ह्यांना तसं सांगितलंही. यांनी मान डोलावली.

पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी तो आनंद फार वेळ टिकू दिला नाही. माझं प्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं असणार, कुणी मोजलंच नाही, आणि त्या दाबाखाली किडन्या आतल्या आत वाळत गेल्या. जे गेलं ते परत येत नाही, उरलंय तेवढं जपायचं, म्हणजे डायलिसिस जितकं लांब ढकलता येईल तितकं ढकलायचं, असं त्यांनी सांगितलं. मी ऐकत होते, पण माझं सगळं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या किडनीकडे होतं. ती इतकी छान, गुबगुबीत होती की माझ्या पोटात तसलं काही नाही याचंच मला वाईट वाटायला लागलं.

शेवटी त्यांनी खाण्याचं सांगितलं. मीठ कमी. पाकिटातलं, बाहेरचं सगळं बंद. घरी केलेलं, साधं खायचं. एवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि आम्ही उठलो. त्यातलं "पाकिटातलं बंद, घरचं खा" हे आम्ही तळहातावरच्या अंगाऱ्यासारखं जपून घरी आणलं. आमची चूक तिथूनच सुरू झाली, पण ते कळायला बराच वेळ गेला.

ट्रॅक्टरच्या पेटीतला डबा

आमच्या घरात किती पाकिटं आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेतकऱ्याचं घर म्हटलं की लोकांना वाटतं, हे ताजं खात असणार. तोड्याच्या दिवसांत पहाटे शेतात जायचं, तर चहाबरोबर खारी नाहीतर बटर. दहाला बायकांना न्याहारी द्यायची, तर फरसाण आणि पाव. हे मार्केटला गाडी घेऊन गेले की येताना शेव, वेफर्स, केक असं काहीतरी पिशवीभर येणारच, कारण रिकाम्या हातानं घरी यायची यांना लाज वाटते. संध्याकाळी अंगात त्राण नसलं की नूडल्स. भाजीला पाकिटाचा मसाला. दारात क्रेटच्या क्रेट टोमॅटो आणि फ्रिजमध्ये सॉसची बाटली.

आमची मुलगी ऋतुजा अवसरीला कॉलेजात शिकते. तिनं एका दुपारी फळी रिकामी केली आणि प्रत्येक पाकिटाच्या पाठीवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. गोड बिस्किटातसुद्धा मीठ असतं, हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या की मग त्यांना बिस्किटं का म्हणत्यात. सगळं गोणीत भरून बाहेर गेलं. यांनी स्वतः गोणी उचलली, फार पुढाकार घेतला. नंतर कळलं की शेवेचा एक डबा ट्रॅक्टरच्या पान्यांच्या पेटीत मुक्कामाला गेला होता. मला राग यायला हवा होता, पण ते पान्यांचे तेलकट हात पुसून शेव खात असतील या विचारानं हसूच आलं.

आणि मग आत्याबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात, पण पदर खोचून उभी राहिली. मसाला घरी कुटला. दाणे भाजून कूट केलं. शेव घरीच पाडली. लिंबाचं लोणचं घातलं. बाहेरची एक वस्तू घरात येऊ देईनात. भाजीत मीठ निम्म्यावर आणलं आणि ते मला रोज दाखवायच्या, हे बघ एवढंच टाकलंय. मला त्यांचा इतका आधार वाटायला लागला की लग्नापासूनची भांडणं मी मनातल्या मनात माफ करून टाकली.

पापड

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पापड एकटीनं लाटत नाहीत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्याजणी आपापली पोळपाट-लाटणी घेऊन जातात. मी दरवर्षी सगळ्यांच्या घरी जायचे. त्या वर्षी मला उठवत नव्हतं. तोंडाला चव नव्हती, सगळ्या अन्नाला लोखंडाचा वास यायचा, दोन घास खाल्ले की उमळून यायचं. माझे पापड होणार नाहीत हे मी मनाशी कबूल केलं होतं.

एका सकाळी अंगणात बांगड्यांचा आवाज आला. पुढे पारूजाऊ, ह्यांच्या चुलतभावाची बायको, आणि मागे सगळी गल्ली. पारूजाऊ ओसरीवर माझ्या खाटेशी आली आणि म्हणाली, "मंगल, तू पडून ऱ्हा. आमचे पापड तू लाटलेस, आता तुझे आमी लाटतो. डॉक्टरनं बाहेरचं बंद केलंय नव्हं? मग वर्षाचं घरचं करून ठेवतो."

मी रडले. लपवलं नाही. आत्याबाईंनी उडदाचं पीठ काढलं, हिंग, मिरी, पापडखार, मीठ घातलं, तेलाचा हात लावून गोळा मुसळानं कुटला. मी खाटेवरून बघत होते. पापडखार आणि मीठ त्यात पडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. आमच्या लेखी मीठ म्हणजे भाजीत पडतं ते. पापडात असतं तो पापड. दह्यात आणि मिठात भरून वाळवलेल्या सांडगी मिरच्याही त्याच आठवड्यात गच्चीवर पसरल्या गेल्या, आणि त्यातही मला मीठ दिसलं नाही.

पहिला पापड आत्याबाईंनी निखाऱ्यावर भाजला आणि माझ्या हातात आणून दिला. "घरचंच हाय, खा," म्हणाल्या.

किती दिवसांनी तोंडाला चव आली म्हणून सांगू. मी तो पापड कडेपासून मधोमध सावकाश खाल्ला. दुसरा मागितला. आत्याबाईंनी आत जाऊन सगळ्यांना सांगितलं की मंगलनं दोन पापड खाल्ले, आणि स्वयंपाकघरात आनंदीआनंद झाला. त्यानंतर रोज माझ्या ताटात भाकरी, पापड, तळलेली मिरची, लोणच्याची फोड. दुसरं काही उतरतच नव्हतं. मी खातेय हे बघून घर खूश होतं आणि घर खूश आहे हे बघून मी खात होते.

पिकअप

पुढे मला आडवं पडता येईना. पडलं की छाती भरून यायची, उठून बसलं की जरा बरं. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले. पाय खांबासारखे झाले. एका दुपारी श्वास असा अडला की मला दोन शब्द सलग बोलता येईनात. अँब्युलन्सची वाट बघण्यात वेळ जाईल म्हणून यांनी क्रेट वाहायच्या पिकअपमध्ये मला पुढे बसवलं. ऋतुजानं शेजारी बसून मला धरलं होतं. गाडीत टोमॅटोच्या पाल्याचा वास येत होता आणि मला वाटत होतं की हाच शेवटचा वास. भीती वाटते म्हणजे काय होतं ते मला त्या रस्त्यावर कळलं. देवाचं नाव आठवलं नाही. फक्त खिडकीतून हवा आत यावी एवढंच वाटत होतं.

फुप्फुसात पाणी झालं होतं. ऑक्सिजन, इंजेक्शनं, नळी. डोळे उघडेपर्यंत बराच वेळ गेला होता.

मग वॉर्ड. वॉर्डचा दिवस वजनकाट्यानं सुरू व्हायचा. चहाच्या आधी वजन, मग किती लघवी झाली ते भांड्यात मोजायचं, मग दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून द्यायचं आणि ते पुरवायचं. तहानेचं काय सांगू. शेजारच्या खाटेवर कुणी ग्लास उचलला तरी माझी नजर त्याच्या घशाकडे जायची. एक सिस्टर होती, ती ड्यूटीवर आली की बर्फाचा छोटा खडा जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, चावू नका, विरघळू द्या. तिचं नाव मी विचारलं होतं, पण त्या दिवसांतलं बरंच पुसलं गेलंय. बर्फाचा खडा मात्र लक्षात आहे. तुमचं माणूस ॲडमिट असेल तर डॉक्टरांना विचारून असा एखादा खडा त्याला मिळवून द्या.

राऊंडला डॉक्टर आले तेव्हा हे माझ्या पायाशी उभे होते आणि आत्याबाई दाराशी, हातात घरून आणलेला डबा घेऊन. डॉक्टरांनी विचारलं की एवढं पाणी साठलं कसं, खाण्यात काय होतं. यांनी अगदी छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, बाहेरचा एक कण पण दिला न्हाई. सगळं घरचं. पापडसुद्धा आमच्या घरात गल्लीतल्या बायांनी लाटलेलं. लोणचं, मिरच्या, समदं घरचं."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल मिटली आणि शांतपणे म्हणाले, "मीठ घरचं आहे की पाकिटातलं, ते किडनीला कळत नाही हो."

मी दाराकडे बघितलं. आत्याबाईंनी डबा पदराखाली घेतला होता. त्या वळल्या आणि निघून गेल्या. मी वॉर्डात होते तोवर त्या परत कधी आत आल्या नाहीत. खाली झाडाखाली बसून राहायच्या आणि ऋतुजाकडून विचारून घ्यायच्या, आज पाय उतरले का.

मला त्यांच्या मागे धावत जाऊन सांगायचं होतं की तुमचा काही दोष नाही, मलाही कळलं नाही. पण हाताला सलाईन होतं आणि नाकाला नळी.

दोन पातेली

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला नीट बसवून सांगितलं. या वेळी ह्यांचंही प्रेशर मोजलं आणि तेही वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, सगळ्या घराचं एकच पातेलं ठेवा आणि ते अळणी करा. ज्याला लागेल त्यानं ताटात चिमूटभर मीठ घ्यावं. वेगळं पातेलं फार दिवस चालत नाही, हे त्यांनी बऱ्याच घरांत बघितलं होतं. शिवाय मला टोमॅटो बंद. रिपोर्टमध्ये काहीतरी वाढत होतं, त्यासाठी. आयुष्यभर टोमॅटो पिकवला आणि मलाच तो बंद, यावर हे गाडीत काहीतरी विनोद करायला गेले, तो अर्ध्यावरच राहिला.

आत्याबाई एका पातेल्याला तयार होईनात. माझ्यासाठी वेगळं अळणी करायला त्यांची ना नव्हती, ते औषध झालं. पण अख्ख्या घराचं अळणी? आमच्या भावकीत घरातलं माणूस गेलं की दहा दिवस चुलीवर फोडणी पडत नाही आणि क्रियेला बसलेला माणूस अळणी खातो. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्यांनी ते खाल्लेलं. मी खूप समजावलं, ऋतुजानं मोबाईलवर डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जिती हाईस माझ्या म्होरं. तू जिती असताना तुझं सुतक पाळू का मी?"

ऋतुजानं मोबाईल बंद केला.

मग दोन पातेली सुरू झाली. घरातल्या एखाद्याचं पथ्य म्हटलं की आपल्याकडे वेगळं पातेलं चढतं, म्हणून सांगते, ते कसं बिघडतं ते ऐका. वेगळं पातेलं कुणीतरी चढवावं लागतं. आत्याबाईंचा हात माझ्या जेवणाला लागेना, वॉर्डातल्या त्या दिवसापासून त्या माझ्या पातेल्याजवळ यायला घाबरायच्या, आणि मग चुलीपुढं उभं राहणंच त्यांनी सोडलं. मला चुलीपुढं उभं राहवत नव्हतं. ऋतुजा कॉलेजला जायच्या आधी माझं करायची आणि दमून आली की सगळ्यांचं करताना रडकुंडीला यायची. एकच पळी दोन्हीकडे फिरायची. कंटाळा आला की पाव आला. पावापाठोपाठ बटर आलं. एक दिवस मी खाटेवर पडलेली असताना स्वयंपाकघरातून पाकीट फाडल्याचा आवाज आला, तो कुरकुर आवाज, आणि त्यामागून नूडल्सचा वास. हे आणि ऋतुजा आवाज न करता खात होते, मला कळू नये म्हणून. मी आजारी पडले म्हणून घरातली पाकिटं गेली आणि मी आजारी आहे म्हणूनच ती परत आली. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. त्यांना ओरडायचं तरी काय म्हणून? त्यांना भूक लागली होती आणि करून घालणारी मी आडवी होते.

वांगं

पाकीट फाडल्याचा आवाज मी ऐकलाय, हे ऋतुजाला माझ्या तोंडावरून कळलं आणि तिनं ह्यांना सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी हे मार्केटला गेले नाहीत. माल शेजाऱ्याच्या गाडीत दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा विळीवर बसले. चार वांगी चिरली, प्रत्येक वांगं आधी दोन्हीकडून नीट बघून घेतलं, जसं काही ते विकायचं आहे, आणि एक किडकं निघालं ते टाकलं. लसूण ठेचला, जिरं भाजलं, वरून कोथिंबीर. मीठ नाही. एकच पातेलं. फोडणीत तेल इतकं तापलं की लसूण काळा पडला आणि अख्खं घर खोकलं.

ताटं वाढली. हे पहिला घास घेऊन बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "वांग्याची चव अशी असती व्हय? एवढी वर्षं म्या मीठच खाल्लं म्हनायचं."

ऋतुजा हसली, मी हसले. माझ्या ताटात दोन थेंब लिंबू पिळलं होतं आणि मला ती भाजी खरंच चांगली लागली. आत्याबाई त्यांचं ताट घेऊन, त्यांची लोणच्याची फोड घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसल्या. ते त्यांनी पुढे रोज केलं.

असं आमचं घर हळूहळू एका पातेल्यावर आलं. काही दिवस भाजी कागदासारखी लागते, हे खरं आहे. मग जीभ बदलते. भाकरीत तर मीठ नसतंच, तिथून सुरुवात करा. लसूण कधी कच्चा, कधी भाजका घाला. रात्री दाणे भिजत घाला म्हणजे सकाळी बटरची आठवण येत नाही, दाणे पेशंटला चालतात का ते मात्र डॉक्टरांना विचारून. कामाच्या बायकांना आम्ही पोहे द्यायला लागलो, त्यांना मीठ वेगळं वाटीत. ट्रॅक्टरच्या पेटीतला डबा यांनी एक दिवस स्वतःहून मोकळा करून घासायला टाकला. त्यात आता नटबोल्ट आहेत. ह्यांचं प्रेशर खाली आलं. मला वाटायला लागलं की आता सुटलो.

हात

पुढच्या तपासणीत माझं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे किडनीचं काम आणखी कमी झालं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला. तुम्ही काही चुकला नाहीत, असं ते म्हणाले. आजार त्याच्या चालीनं पुढे जातोय. डायलिसिस लगेच नाही, पण त्याच्या सुयांसाठी हात तयार करून ठेवायला हवा. डाव्या मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या जोडायच्या, त्याला फिस्टुला म्हणतात.

खाली गाडीजवळ आल्यावर यांनी चावी लावली आणि गाडी सुरू केली नाही. "मंग आपण अळणी कशापायी खाल्लं?" असं म्हणाले. मला विचारलं नव्हतं, समोरच्या काचेला विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की त्यामुळेच इतके दिवस मिळाले. ते खरं आहे की आमच्या समाधानासाठी बोलले, मला माहीत नाही. मला वाटायचं की एखादी गोष्ट मनापासून, सगळ्या घरानं मिळून केली की ती फळाला येतेच. ती येत नाही असंही असतं. मी हे लपवणार नाही, कारण मला कुणी आधी सांगितलं नाही आणि त्या दिवशी मी फार खचले.

फिस्टुला झाला. त्यावर बोट ठेवलं की कातडीखाली थरथर लागते, मांजर गुरगुरावं तशी. ती थरथर आहे म्हणजे हात चालू आहे, असं सिस्टरनं शिकवलं. मी दिवसातून कितीदा तरी बोट ठेवून बघते. या हातानं वजन उचलायचं नाही, घागर नाही, क्रेट नाही, पातेलं उतरवायचं नाही.

चिमूट

हाताला पट्टी बांधून घरी आले त्या दिवशी स्वयंपाकघरात आत्याबाई होत्या. वॉर्डाच्या दारातून फिरल्या त्यानंतर माझ्या जेवणाला हात न लावणारी बाई. ओट्यावर एकच पातेलं होतं. आत दुधी शिजत होता. नेहमीच्या जागी, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, मिठाची बरणी नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या की गोठ्यात नेऊन ठेवली, गाईच्या आंबोणात घालायला होईल.

मी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही तुमच्यापुरतं घ्या की वरून, तुम्हाला कुणी बंद केलंय. त्यांनी पळी खाली ठेवली.

"सुतक असतं तर धा दिसांत फिटलं असतं," त्या म्हणाल्या. "ह्ये जलमभराचं हाय. तुज्या संगं पाळीन."

त्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या नाहीत.

आता रोजचा स्वयंपाक त्याच करतात. डायलिसिस कधी सुरू होईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून लसूण सोलते, तेवढं डाव्या हातालाही चालतं. आणि रोज मला एक गोष्ट दिसते. भाजीला वाफ आली की त्यांचा हात आपोआप डाव्या कोपऱ्याकडे जातो. पन्नास-साठ वर्षांची सवय, ती बरणी गोठ्यात गेलीय हे हाताला माहीत नसतं. तिथे काही नसतं. बोटं चिमूट धरतात, क्षणभर थांबतात, आणि ती रिकामी चिमूट तशीच पातेल्यावर येऊन उघडते. मग त्या भाजी ढवळतात आणि माझ्याकडे चोरून बघतात, मी बघितलं का म्हणून.

मी लसणाकडे बघत राहते. त्या ताट वाढून माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "घरचंच हाय, खा."